प्रश्न कोणी विचारायचा? विंट्रिस प्रकरणातील सीमापार शोध पत्रकारितेचा अभ्यास

११ मार्च २०१६ रोजी आइसलँडचे तेव्हाचे पंतप्रधान सिग्मुंदूर डेविड गुनलॉगसन स्वीडनच्या सार्वजनिक वाहिनीला, एसव्हीटीला, दिलेल्या मुलाखतीतून, विंट्रिस या घरच्या परदेशी कंपनीबद्दल प्रश्न आल्यावर, मध्येच उठून गेले. ५ एप्रिलला ते पदावरून बाजूला होणार हे जाहीर झाले. मुलाखतीपासून ३ एप्रिलच्या प्रसारणापर्यंतचे २३ दिवस कागदपत्रे आणि चित्रीकरण दोन्ही पत्रकारांच्या हातात होते आणि त्यांनी ते दाबून धरले. पनामा पेपर्सबद्दल, म्हणजे पनामातील एका विधी संस्थेच्या फुटलेल्या कागदपत्रांबद्दल, मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुतेक लिखाण कोणाची नावे निघाली याभोवती फिरते. इथे पाहायचे आहे ते काम कसे वाटले गेले, कोणत्या क्षणी काय ठरवावे लागले आणि कुठे गाडी घसरू शकली असती.

पंतप्रधान, वाहिन्या आणि कंपन्या यांची नावे जाहीर नोंदीतली आहेत, ती तशीच ठेवली आहेत. बातमीदार आणि कुटुंबीय यांचा उल्लेख फक्त भूमिकेनुसार केला आहे.

पार्श्वभूमी

पनामातील मोसॅक फोन्सेका या विधी संस्थेची कागदपत्रे म्युनिकच्या ‘झ्युडडॉयच त्सायटुंग’ या दैनिकाकडे एका अनामिक स्रोताकडून आली. आकार २.६ टेराबाइट, फायली सुमारे १ कोटी १५ लाख, त्यात दोन लाखांवर परदेशी कंपन्यांचे तपशील. एका दैनिकाला हे वर्षानुवर्षे वाचूनही संपले नसते, म्हणून त्यांनी ते वॉशिंग्टनच्या आयसीआयजे या शोध पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला दिले. शेवटी शंभरावर माध्यमसंस्था आणि साडेतीनशेहून अधिक पत्रकार या कामात आले. जर्मनीच्या एनडीआर आणि डब्ल्यूडीआर, ब्रिटनची बीबीसी, स्वीडनची एसव्हीटी, डेन्मार्कची डीआर, फिनलंडची यले अशा सार्वजनिक वाहिन्या त्यात होत्या. भारतातून ‘द इंडियन एक्सप्रेस’ होते.

नियम दोनच, पण कडक. जे सापडेल ते सर्वांना सांगायचे. आणि ठरलेल्या मिनिटाआधी कोणीही काही प्रसिद्ध करायचे नाही. कागदपत्रे आयसीआयजेच्या शोधयंत्रात होती. स्कॅन केलेल्या पानांवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणारे तंत्र, चालवून ती शोधण्याजोगी केली होती, आणि पत्रकारांच्या आपसातल्या चर्चेसाठी एक वेगळी बंद जागा होती. दोन्हीकडे आत शिरताना पासवर्डनंतर मोबाइलवरचा बदलता आकडाही द्यावा लागे.

या ढिगाऱ्यात विंट्रिस ही ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधील कंपनी सापडली. लॅन्ड्सबांकी या आइसलँडिक बँकेच्या लक्झेंबर्ग शाखेमार्फत २००७ मध्ये ती घेतलेली होती, आणि मालक म्हणून गुनलॉगसन व त्यांच्या पत्नी यांची निम्मी-निम्मी नोंद होती. एप्रिल २००९ मध्ये ते खासदार झाले. ३१ डिसेंबर २००९ रोजी त्यांनी आपला अर्धा वाटा पत्नीला एका डॉलरला विकला. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी २०१० ला, नवा कायदा लागू होत होता, आणि त्याखाली ही मालकी हितसंबंध म्हणून जाहीर करावी लागली असती.

एवढ्यावरही हा करचुकवेगिरीचा आरोप ठरत नाही. सगळा कर भरला आहे, पैसा पत्नीचा वडिलोपार्जित आहे आणि संयुक्त नोंद ही बँकेची चूक होती, अशी पती-पत्नीची बाजू राहिली. बातमीला वजन होते ते दुसऱ्या कारणाने. २००८ मध्ये कोसळलेल्या आइसलँडच्या बँकांकडून विंट्रिसला ५० कोटी क्रोनांहून जास्त येणे होते. त्याच बँकांच्या धनकोंशी काय तडजोड करायची, हे ठरवणाऱ्या सरकारचे गुनलॉगसन प्रमुख होते. वाटाघाटी टेबलाच्या एका बाजूने ते करत होते आणि दुसऱ्या बाजूच्या यादीत घरचीच कंपनी होती.

अडचण

आइसलँडची लोकसंख्या तेव्हा सुमारे ३ लाख ३० हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. पत्रकार, खासदार, बँकेतले अधिकारी एकमेकांना शाळेपासून ओळखतात. अशा ठिकाणी एक फोन चुकीच्या माणसाला गेला की संध्याकाळपर्यंत गावभर.

आइसलँडमधून आयसीआयजेने एकच बातमीदार घेतला होता. पूर्वी तो सार्वजनिक वाहिनी आरयूव्हीच्या ‘कास्टल्योस’ या कार्यक्रमात होता, पण या वेळी स्वतंत्र काम करत होता. संपादक नाही, कायदेशीर विभाग नाही, पगारही नाही. त्याने घरातूनच काम केले, खिडक्या काळ्या प्लॅस्टिकने झाकून. काय करतोस, हे मित्रांनाही सांगता येत नव्हते.

त्याच्याकडे भाषा होती, आइसलँडच्या कंपनी नोंदी वाचायची सवय होती, कोण कोणाचा नातेवाईक हे माहीत होते. पंतप्रधानांपर्यंत जायची वाट मात्र त्याच्याकडे नव्हती. कठोर शोधबातम्यांसाठी तो देशात ओळखला जात होता. त्याच्या नावाने मुलाखतीची विनंती गेली असती, तर कार्यालयाने आधी विषय विचारला असता, मग लेखी प्रश्न मागितले असते आणि शेवटी वेळ नाही असे कळवले असते. एसव्हीटीच्या बातमीदाराचे नेमके उलट होते. परदेशी सार्वजनिक वाहिनीला नाही म्हणायला पंतप्रधानांना काही कारण नव्हते, पण त्याला आइसलँडिक येत नव्हते आणि उत्तरातली पळवाट त्याच्या लक्षात येईलच असे नव्हते.

समोरचे पर्याय

पहिली वाट लेखी प्रश्न पाठवण्याची. शोध पत्रकारितेत ज्याच्यावर बातमी आहे त्याला उत्तर देण्याची संधी द्यावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी ती अशीच देतात: दोन-तीन आठवडे आधी पत्र, कागदपत्रांचा उल्लेख, उत्तरासाठी तारीख. हे न्याय्य आहे आणि कोर्टात टिकते. तोटा असा की उत्तर वकील लिहितो, आणि बातमी येण्याआधी तिला काटशह द्यायला समोरच्याला पुरेसा वेळ मिळतो. चित्रवाणीसाठी तर हाती काहीच येत नाही. पडद्यावर पत्रातल्या चार ओळी दाखवून कोणी तीस मिनिटे बसत नाही.

दुसरी वाट आरयूव्हीला सुरुवातीपासून आत घेण्याची. नैसर्गिकपणे हीच सुचते, कारण देशाची सार्वजनिक वाहिनी आहे, प्रेक्षक आहे, वकील आहेत. पण संस्था आत आली की माहिती कळणाऱ्यांची संख्या वाढते: संपादक, निर्माता, संकलक, कायदा सल्लागार, वेळापत्रक ठरवणारा. शिवाय आरयूव्हीचा बराचसा पैसा अर्थसंकल्पातून येतो, म्हणजे ज्या सरकारच्या प्रमुखाबद्दल बातमी आहे त्याच्या हातून जातो. वाहिनी वाकली असती असे म्हणण्याला काहीही आधार नाही, पण महिनोन्‌महिने तिला त्या ताणाखाली ठेवण्यात शहाणपण नव्हते.

तिसरी वाट निवडली गेली. दरवाजा एसव्हीटीने उघडायचा, आइसलँडच्या बातमीदाराने सोबत राहायचे आणि नेमक्या मुद्द्याला प्रश्न त्याने मातृभाषेत विचारायचा. आरयूव्ही प्रसारक म्हणून यायची.

मुलाखत: विषय काय सांगायचा?

या प्रकरणातला सर्वात वादाचा निर्णय हाच. एसव्हीटीने मुलाखत मागितली ती आर्थिक कोसळणीनंतर आइसलँड कसा सावरला या विषयावर. विंट्रिसचा उल्लेख केला नाही.

सार्वजनिक वाहिनीसाठी ही बाब हलकी नाही. मुलाखत देणाऱ्याला विषय आणि हेतू कळावा, हा युरोपातील बहुतेक सार्वजनिक वाहिन्यांच्या आचारसंहितेचा पाया आहे. सामान्य नागरिकाच्या बाबतीत हा नियम मोडायचा नसतो. सत्तेत बसलेल्या माणसाला त्याच्या सत्तेशी थेट जोडलेला प्रश्न अचानक विचारता येतो का, हा वाद प्रत्येक वाहिनीत चालू असतो. आमच्या मते इथे दोन गोष्टी निर्णयाच्या बाजूने जातात. सांगितलेला विषय खोटा नव्हता: सावरण्याच्या कहाणीचा मोठा भाग म्हणजे बँकांच्या धनकोंशी झालेली तडजोड, आणि विंट्रिस त्या धनकोंपैकी एक. आणि प्रश्न ज्या माहितीबद्दल होता ती पंतप्रधानांना स्वतःला ठाऊक होती. त्यांना कुठल्या परक्या फायलीतला आकडा विचारलेला नव्हता.

विरोधी बाजूही खरी आहे. परदेशी पत्रकाराला पुढे करून स्थानिक पत्रकाराला मागून आणणे ही युक्तीच आहे, आणि अशी युक्ती सर्रास झाली की पुढच्या खेपेला सरळ हेतूने आलेल्या परदेशी वाहिनीलाही कोणी दारात उभे करणार नाही.

स्थळ होते रेक्याविकमधील मंत्र्यांचे शासकीय निवासस्थान. प्रश्नांचा क्रम पाहण्यासारखा आहे. स्वीडिश बातमीदाराने आधी आर्थिक स्थितीवर विचारले, मग संपत्ती लपवणाऱ्यांबद्दल समाजाला काय वाटते ते विचारले. प्रत्येकाने आपला वाटा भरला पाहिजे, अशा आशयाचे उत्तर आले. मग प्रश्न आला की तुमचा स्वतःचा परदेशी कंपनीशी कधी संबंध होता का. उत्तर लांबले, वाक्ये तुटू लागली. मग नाव घेऊन विचारले: विंट्रिसबद्दल काय सांगाल? आणि नंतर सहकाऱ्याकडे बोट दाखवून पुढचे त्याच्यावर सोपवले. त्याने आइसलँडिकमध्ये विचारायला सुरुवात केल्यावर थोड्याच वेळात पंतप्रधान उठले, हे अयोग्य आहे म्हणाले आणि निघून गेले.

हा क्रम उलटा असता, म्हणजे कंपनीचे नाव पहिल्याच मिनिटाला घेतले असते, तर हाती फक्त उठून जाणारा माणूस लागला असता. आधी त्यांच्या तोंडून तत्त्व घेतले, मग तेच तत्त्व त्यांना लावले. नकार देणाऱ्यापेक्षा स्वतःच्याच उत्तरात अडकलेला माणूस प्रेक्षकाला जास्त कळतो.

तांत्रिक बाजूने अशा मुलाखतीत तीन गोष्टी बिघडतात. पाहुणा उठताना कॉलर माइक ओढला जातो आणि नेमके शेवटचे शब्द खरखरीत जातात, म्हणून कॅमेऱ्यावर वेगळा माइक चालू ठेवावा. एकच कॅमेरा असेल तर तो चेहऱ्यावर घट्ट लावलेला असतो आणि माणूस चौकटीबाहेर गेल्यावर रिकामी खुर्ची उरते. दुसरा कॅमेरा रुंद ठेवून हलवायचा नाही. आणि कॅमेऱ्यातले मेमरी कार्ड. खोलीतून बाहेर पडायच्या आत एक प्रत दुसऱ्या माध्यमावर घ्यायची आणि दोन माणसांनी वेगवेगळी न्यायची.

चार दिवसांनी: बातमी समोरूनच फुटली

१५ मार्चला पंतप्रधानांच्या पत्नीने फेसबुकवर लिहिले की आपली परदेशात कंपनी आहे. पत्रकारांचे प्रसारण अजून जवळपास तीन आठवडे दूर होते. आइसलँडची इतर माध्यमे लगेच कामाला लागली आणि बँकांच्या धनकोंच्या यादीत विंट्रिसचे नाव त्यांनाही सापडले.

इथे आइसलँडच्या बातमीदाराची अवस्था काय झाली असेल, ते कोणत्याही डेस्कवर बसलेल्याला कळेल. महिनोन्‌महिने बिनपगारी सांभाळलेली बातमी तुकड्यातुकड्यांनी दुसऱ्यांच्या नावावर जात होती आणि नियमानुसार त्याला गप्प बसायचे होते. एसव्हीटीकडेही पंतप्रधान उठून जातानाचे चित्रीकरण होते. त्या आठवड्यात ते दाखवले असते तर जगभर गेले असते.

लगेच दाखवण्याच्या बाजूने मुद्दे होते: सार्वजनिक वाहिनीचे पहिले उत्तरदायित्व प्रेक्षकाला आहे, आणि देशात ज्या विषयाची जाहीर चर्चा सुरू आहे त्यातला मुख्य पुरावा दडवून ठेवणे बरोबर दिसत नाही. थांबण्याच्या बाजूने मुद्दा एकच होता, पण भारी. विंट्रिसचे कागद कुठून आले हे सांगितले की मोसॅक फोन्सेकाचे नाव येते. ते आले की पनामात फायली हलतात, इतर देशांतले संबंधित सावध होतात आणि ज्या देशांत पत्रकाराला तुरुंगात टाकतात तिथल्या सहकाऱ्यांचा जीव टांगणीला लागतो. एका देशाचा फायदा ऐंशीएक देशांच्या खर्चाने झाला असता.

ते थांबले. २८ मार्चला क्रेमलिनच्या प्रवक्त्याने आयसीआयजेचे नाव घेऊन माहितीचा हल्ला येतो आहे असे जाहीर केले, तरीही भागीदार थांबले. ज्याच्याबद्दल बातमी आहे त्याला प्रश्न पाठवले की तो आधी बोलणार, हे गृहीतच धरावे लागते. पाठवायचे तर तयारी हवी, न पाठवायचे तर अन्याय होतो.

आता मागे वळून पाहिले तर १५ मार्चच्या पोस्टने बातमी मेली नाही, उलट तिची उत्सुकता वाढली. पोस्टमध्ये नसलेल्या तीन गोष्टी पत्रकारांकडे उरल्या होत्या: एक डॉलरचा करार, त्याची तारीख आणि कॅमेऱ्यासमोरची उत्तरे.

प्रसारण

३ एप्रिल, रविवार. वेळ मध्य युरोपात रात्री ८, आइसलँडमध्ये संध्याकाळी ६, भारतात रात्री ११.३०. शेवटच्या काही मिनिटांत ट्विटरवर कुजबुज सुरू झाली होती, पण मोठा बांध फुटला नाही. रविवार निवडण्यात सगळ्यांचीच सोय होती असे नाही. भारतीय दैनिकाला रात्री साडेअकराला फारसा वाव उरत नाही, आणि ‘इंडियन एक्सप्रेस’ने ४ एप्रिलच्या अंकात पान आधीच बांधलेले असणार हे उघड आहे. सीमापार कामात एक वेळ ठरवायची म्हणजे कोणाची तरी आवृत्ती अडचणीत येणारच.

आरयूव्हीने ‘कास्टल्योस’चा विशेष भाग दाखवला, त्या बातमीदाराच्या नव्या छोट्या संस्थेसोबत. पंतप्रधानांखेरीज अर्थमंत्री आणि गृहमंत्री यांचीही नावे परदेशी कंपन्यांशी जोडलेली होती. दुसऱ्या दिवशी संसदेसमोरच्या चौकात हजारो लोक जमले, संसदेच्या भिंतीवर अंडी आणि दही फेकले गेले. ५ एप्रिलला पंतप्रधानांनी राष्ट्राध्यक्षांकडे संसद विसर्जित करण्याची मागणी केली, राष्ट्राध्यक्ष तयार झाले नाहीत, आणि त्याच दिवशी पक्षाने दुसरा पंतप्रधान पुढे केला. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुदतीआधी निवडणूक झाली.

शेजारच्या सार्वजनिक वाहिन्यांना याच कागदांतून वेगळा धागा मिळाला होता: नॉर्डिया बँकेच्या लक्झेंबर्ग शाखेने ग्राहकांसाठी मागवलेल्या सुमारे ४०० परदेशी कंपन्या. बँक स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड या चार नॉर्डिक देशांत असल्याने माहिती वाटून घेण्यात कोणाचेच नुकसान नव्हते. विंट्रिसमध्ये मात्र बातमी एका देशाची आणि मदत दुसऱ्या देशाची होती. अशा असमान सहकार्यात भांडणे जास्त होतात, म्हणून ते अभ्यासायचे.

कागद मागायला आलेले सरकार

प्रसारणानंतर फिनलंडच्या कर विभागाने यलेकडे पनामा पेपर्समधील सामग्री मागितली आणि झडतीचा इशारा दिला. यलेने स्रोताच्या संरक्षणाचे कारण देऊन नकार दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डेन्मार्कच्या सरकारने मात्र वाहिनीला हात न लावता एका अनामिक स्रोताकडून डॅनिश करदात्यांची माहिती विकत घ्यायचे ठरवले. एकाच फायली, शेजारी देश, दोन तऱ्हा.

सहकार्यासाठी याचा अर्थ व्यावहारिक आहे. स्वीडनमध्ये स्रोत शोधण्याचा प्रयत्न करणाऱ्या अधिकाऱ्याला कायदाच अडवतो. तशी ताकद प्रत्येक देशात नाही. म्हणून सर्वात कमकुवत कायद्याच्या देशातल्या भागीदाराच्या लॅपटॉपवर सर्वात कमी फायली असाव्यात. पाहायची परवानगी सर्व्हरवर, उतरवून घ्यायची फक्त बातमीपुरती.

वेगळे काय करता आले असते

मुलाखत आणि प्रसारण यांत तेवीस दिवसांचे अंतर जास्त होते. बचावाच्या पोस्टला, पक्षांतर्गत जुळवाजुळवीला आणि प्रतिस्पर्धी माध्यमांना एवढा अवधी भरपूर झाला. आठ-दहा दिवस पुरले असते. एवढ्यात संकलन, उपशीर्षके आणि कायदेशीर वाचन होते, आणि उठून गेलेल्या पाहुण्याला शांतपणे लेखी उत्तर देण्याची दुसरी संधीही देता येते. ती दुसरी संधी पत्राने आणि तारखेसह द्यावी. विषयाबद्दल अंधारात ठेवल्याच्या आक्षेपाला तेच सर्वात भक्कम उत्तर ठरते.

एम्बार्गो, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी प्रसिद्ध न करण्याचे बंधन, मोडण्याच्या अटी आधी लिहून ठेवायला हव्यात. ज्याच्यावर बातमी आहे त्याने स्वतःच जाहीर केले तर काय? बाहेरच्या माध्यमाला तोच कागद सापडला तर? निर्णय कोणाचा, किती तासांत आणि स्थानिक भागीदाराला त्याच्या देशापुरती सूट मिळते का? विंट्रिसमध्ये शिस्त टिकली ती माणसांच्या जोरावर. पुढच्या वेळी ती माणसे तीच असतील असे नाही.

मुलाखतीचे पूर्ण, न कापलेले चित्रीकरण संकेतस्थळावर आणि दोन्ही भाषांतल्या उताऱ्यासह पहिल्याच रात्री ठेवायचे. इंग्रजीत दिलेली उत्तरे आणि आइसलँडिकमधले प्रश्न असे मिसळलेले साहित्य तुकड्यांत दाखवले की संदर्भ तोडल्याचा आरोप येतो. उतारा एसव्हीटीच्या नव्हे तर आइसलँडच्या माणसाने तपासायचा.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि इथे मोठ्या वाहिन्यांनी मान खाली घालण्यासारखे आहे. एसव्हीटीच्या बातमीदाराला त्या काळात दरमहा पगार मिळत होता. आइसलँडच्या बातमीदाराने आपल्या कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा केली ती बातमी आल्यानंतर. सार्वजनिक वाहिनी स्वतंत्र पत्रकाराशी सहकार्य करते तेव्हा संशोधनाचे मानधन, वकिलाचा खर्च आणि खटला झाल्यास जबाबदारी कोणाची हे पहिल्या महिन्यात कागदावर यायला हवे, बातमी टिकेल की नाही हे ठरण्याच्या आधी. प्रसारण शुल्क वेगळे. ते शेवटी मिळते, आणि घरभाडे दर महिन्याला द्यायचे असते.